श्वान-प्रशिक्षण : अतिथींसमोरील संयम

मीरा-भाईंदर परिसरातील शेती व मिठागरांच्या गावांत परक्यावर भुंकणे हे कुत्र्याचे कामच होते. येथे १९८५ मध्ये नगरपालिका व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. सदनिका वाढल्या, तसा हाच गुण दोष ठरू लागला. दारावरची घंटा व पाहुण्यांचे लाड यांची सांगड बसल्याने तरुण कुत्रा घंटा वाजताच उसळतो, हे इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांच्या अभिसंधान-सिद्धांतावरून उलगडते. बी. एफ. स्किनर (१९०४–९०) यांच्या मते वर्तन परिणामांनी घडते. त्यानुसार कुत्र्याने उडी मारताच पाहुण्याने पाठ फिरवावी व तो शांत बसताच त्यास खाऊ द्यावा. ढकलणे वा रागावणे हेही कुत्र्याला लक्ष दिल्यासारखेच वाटू शकते. घरातील सर्वांनी हा नियम सातत्याने न पाळल्यास कुत्र्याच्या वाट्यास बहुधा साखळीच येते.