घशापासून ओठांपर्यंत

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. तिथे आमच्या शेजारची सातवीतली मुलगी मगरिबच्या नमाजानंतर स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून बसते. एका चौकटीत कुराणपठण शिकवणाऱ्या आपा, दुसरीत दौंडची मामेबहीण. परवा भिंतीपलीकडून ऐकू आलं, "अब्, अत्, अक़्." मग आपांचा आवाज, "मखरज! ज़बान दिखाओ."

मखरज म्हणजे अक्षर बाहेर पडण्याची जागा. कोर्टात दावा खारीज होतो तो याच धातूचा भाऊ, आणि खिशातून बाहेर पडतो तो खर्चही. पण मला झोप लागू दिली नाही ती त्या 'अब्, अत्'ने. अक्षराला स्वर लावायचा नाही, त्याच्या आधी एक 'अ' ठेवायचा. आवाज जिथे अडेल तिथे त्या अक्षराचं घर. ही युक्ती आठव्या शतकातली, बसऱ्याच्या खलील इब्न अहमदची. अरबीचा पहिला मोठा कोश रचायला तो बसला तेव्हा अलिफ-बेचा रूढ क्रम त्याने बाजूला सारला आणि अक्षरं घशापासून ओठांपर्यंत ओळीने लावली. पहिला आला घशातला 'ऐन', म्हणून कोशाचं नावच 'किताबुल ऐन'.

घशापासून ओठांपर्यंत! अहो, हा क्रम तर झेडपीच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. कंठ्य क ख ग, मग तालव्य, मूर्धन्य, दंत्य, शेवटी ओठांवरचे प फ ब भ म. ही पोरगी सकाळी एका भिंतीवर जे वाचते तेच संध्याकाळी दुसऱ्या लिपीत म्हणते.

खलीलने ही मांडणी आपल्याकडच्या शिक्षाग्रंथांवरून, म्हणजे उच्चारशास्त्राच्या संस्कृत पोथ्यांवरून, उचलली, असं म्हणणारे युरोपीय पंडित होऊन गेले. मीही त्यांच्याच पंगतीत. बसरा म्हणजे इराणच्या आखाताचं टोक. ७१२ मध्ये सिंध अरबांच्या हाती गेला होता, आणि ७७०च्या सुमारास आपलं ज्योतिष बगदादच्या दरबारात पोचलं. आकडेमोड गेली, तर वर्णमाला का जाऊ नये? शिवाय आपण य, व सगळे वर्ग संपल्यावर घेतो. खलीलनेही आपले 'वाव' आणि 'ये' शेवटी ढकलले आहेत.

विरोधकांचं म्हणणंही कच्चं नाही. तोंडाला टोकं दोनच. मोजायला बसलेला माणूस घशाकडून निघेल नाहीतर ओठांकडून, म्हणजे निम्मा योगायोग फुकटच. आपला 'ह' शेवटाकडे, त्याचा सुरुवातीलाच. आपल्याकडे अघोष-घोषांच्या जोड्यांची चौकट आहे, त्याच्या यादीत ती नाही. आणि अमुक पंडित बसऱ्याला गेला, असा कागद कुणी दाखवलेला नाही. कबूल. पण बंदरावर काय काय उतरलं त्याची पावती कोण ठेवतं?

पुढचं थोडक्यात. खलीलचा शिष्य सीबवैह याने मखरज सोळा मोजले. १४२९ मध्ये वारलेले कुराणपठणाचे आचार्य इब्नुल जज़री यांनी सतरा धरले, तेच आज बहुतेक ठिकाणी शिकवतात. लुधियान्याच्या मौलाना नूर मुहम्मद यांचा 'नूरानी कायदा' घरोघरी गेला. इथे कायदा म्हणजे दंडसंहिता नव्हे, अंकलिपी. २०२०च्या मार्चमध्ये मशिदी बंद झाल्या आणि मकतब, म्हणजे मुलांची कुराणशाळा, मोबाइलवर आला.

इथे खलीलची युक्ती पुन्हा कामाला येते. साध्या फोनवर सुमारे ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. 'सीन' आणि 'से' या दोन स-सारख्या अक्षरांतला फरक त्याच्या बराच वर. नेटवरचा आवाज बरा, पण रेंज गेली की तिथेही दोन्ही सारखेच. मग अक्षराचं घर कानाने नाही तर डोळ्यांनी तपासायचं. 'से'ला जिभेचं टोक दातांमधून दिसलं पाहिजे, म्हणून ते "ज़बान दिखाओ." मराठी शाळेतल्या पोरीची खरी अडचण 'ज़'ची. 'जग'मधला आपला ज जीभ आधी टेकवतो, मग सोडतो. अरबी 'ज़े'ला टेकायचंच नसतं. दौंडची बहीण तिथेच अडकली होती. तिच्या मागे गाडीची शिट्टी वाजली की आपा थांबायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून, "अज़्."

मी माझा सिद्धांत मोठ्या उत्साहाने शेजारी जाऊन सांगितला. पोरीने प फ ब भ म नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, ब आणि म बरोबर. पण तुमच्या फ ला दोन्ही ओठ लागतात. आमच्यात खालच्या ओठाला वरचे दात लावायचे. म्हणा, अफ़्."

मी म्हणालो. तिने मान हलवली.

"पुन्हा."