मालाडचे डायनमोवाले

स्वामी विवेकानंद मार्गाला घोडबंदर रोड म्हणणारी पिढी मालाडात आता विरळ होत चालली असली, तरी मोटारीतल्या आल्टर्नेटरला ‘डायनमो’ म्हणणारी मंडळी अद्याप शाबूत आहेत. आणि जे यंत्र बॉनेटखालून कधीच बेदखल झाले त्याचे नाव वारसाच्या सातबाऱ्यावर असे चढून बसावे, याचा उलगडा करायचा म्हणजे या उपनगराच्या इमारतींखाली, जिन्याशेजारच्या मोकळ्या जागेत, दुरुस्त होत आलेल्या मोटारींचा इतिहास थोडा उकलावा लागतो.

१९५७ साली दहिसरपर्यंतचा मुलूख बृहन्मुंबईच्या हद्दीत सामील झाला, त्या वेळी मालाडात मोटार असलेली घरे बोटांवर मोजण्याजोगी होती. शिवडीस १९२८ साली मोटारी जुळवू लागलेली जनरल मोटर्स सरकारच्या नव्या औद्योगिक धोरणामुळे पन्नाशीच्या दशकात गाशा गुंडाळून गेली होती, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट हीच मध्यमवर्गाची आकांक्षा होऊन बसली होती. नवी गाडी नोंदवावी तर वर्षानुवर्षे प्रतीक्षा, जुनी घ्यावी तर सुट्या भागांची टंचाई. सबब जी वस्तू बिघडली ती बदलण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. ती उघडावयाची, पुसावयाची, गुंडाळावयाची आणि पुन्हा चालवावयाची, हाच त्या काळाचा दस्तूर होता.

आमच्या वडिलांची फियाट तिसऱ्या मालकाकडून आमच्याकडे आलेली. वडील बँकेत नोकरीला. परंतु रविवारी सकाळी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखोटीस मारून येणारा मिस्त्री त्यांना ‘शेठ’ म्हणे, आणि कर्जाच्या हप्त्यांवर लाभलेली ती पदवी वडीलही निमूटपणे स्वीकारीत. डॅशबोर्डावरचा तांबडा दिवा इंजिन वेगात आले तरी विझेनासा झाला, की मिस्त्री पट्टा सैल करून डायनमो उतरवी व सतरंजीवर त्याचे आर्मेचर बाहेर काढी. तांब्याच्या पट्ट्यांनी मढलेला तो कम्युटेटर कार्बनच्या धुळीने काळवंडलेला असे. मिस्त्री त्यावरून पॉलिश पेपर फिरवी, मग पट्ट्यांमधल्या अभ्रकाच्या खाचा करवतीच्या पात्याच्या तुकड्याने एकेक करून खोल करी, आणि झिजलेल्या ब्रशांच्या जागी नवे कार्बन बसवी. या कामास पाऊण तास लागे आणि त्यात चहाचे दोन पेले खपत. सरतेशेवटी बॅटरीची एक तार डायनमोच्या टोकाला क्षणभर टेकवून तो ठिणगी पाडी. लोखंडातले उरलेसुरले चुंबकत्व जागे करण्याचा तो खटाटोप होता. आम्हा मुलांना मात्र ती प्राणप्रतिष्ठाच वाटे.

डायनमोचे वैगुण्य असे, की इंजिन मंद चालत असता तो जवळजवळ काहीच वीज देत नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात मालाड ते अंधेरी ही वाट मोटारीने मंदच कापावी लागते. पुढचे दिवे, वायपर आणि हॉर्न ही तिन्ही खाती एकाच वेळी बॅटरीतून उचल करीत असता जमेच्या बाजूस शून्य. मग जोगेश्वरीपाशी बॅटरी उतरावी, आणि छत्र्या मिटून चार अनोळखी गृहस्थांनी धक्का मारावा, हा प्रकार आम्ही अनेक वेळा अनुभवला.

आल्टर्नेटरने ही व्यवस्थाच उलटी केली. त्यात चुंबकक्षेत्र फिरते व वीज निर्माण करणारे वेटोळे स्थिर राहते, निघालेला प्रत्यावर्ती प्रवाह सिलिकॉनचे डायोड एकदिश करतात, आणि इंजिन मंद असतानाही बॅटरीला तिचा हिस्सा पोचतो. १९६० साली क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत तो सरसकट बसवला. आमच्या गल्लीत तो १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेल्या मारुतीबरोबर येऊन पोचला. मौजेची गोष्ट अशी, की मालाड स्टेशनातून जाणारी लोकल, जी १९२८ पासून एकदिश प्रवाहावर धावत होती, ती प्रत्यावर्ती प्रवाहावर पुरती आली २०१२ साली. या एका बाबतीत मोटार आगगाडीच्या कितीतरी पुढे निघून गेली.

जुन्या मिस्त्रींना मात्र हा वारसदार महागात पडला. डायनमो चालतो की नाही हे पाहण्याची त्यांची रीत म्हणजे चालू इंजिनावर बॅटरीची तार काढणे. इंजिन बंद पडले नाही तर डायनमो शाबूत. एका शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या मारुतीवर आमच्या मिस्त्रीने हीच परीक्षा घेतली, आणि उसळलेल्या दाबाने डायोड जळून गेले. तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढल्या रविवारी त्याने नवी डायोड प्लेट आणून फुकट बसवली, आणि त्यानंतर इंजिन चालू असताना त्याने कुठल्याही गाडीची तार सोडवल्याचे मला आठवत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे कित्येक आठवडे ऑटो इलेक्ट्रिशियनांच्या फळकुटांवर चिखलाने माखलेले आल्टर्नेटर फणसासारखे रचलेले होते. बेरिंगे गंजलेली, ब्रश अडकलेले. गुंडाळण्याची विद्या बहुधा त्याच वर्षी मागे पडली, कारण इतके काम हाताने उरकणे अशक्य होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना पण चालू नग आणावा आणि बसवावा, हे सर्वांनाच सोयीचे झाले. मला स्वतःला ही सोय फारशी रुचली नाही, तरी ती चुकीची होती असेही म्हणवत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याने सोसायटीच्या आवारात स्वतःच आल्टर्नेटर बदलला. आधी बॅटरीची ऋण तार काढून बाजूस बांधली, मग पट्टा, मग जाड तार, मग दोन बोल्ट. नवा नग बसवून पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, इंजिन चालू करून मीटर लावला, तर चौदा व्होल्टच्या किंचित वर. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जोशीकाकू हे सारे पाहत होत्या.

“काय रे, डायनमो गेला होता का?”

“हो काकू,” पुतण्या म्हणाला, आणि फडक्याला हात पुसू लागला.