बांगडीचं घड्याळ झालं

‘हातात बांगड्या भरल्यात का?’ हा टोमणा पुरुषांना अजूनही झोंबतो. गंमत अशी, की टोमणा मारणाऱ्याच्या मनगटावर बहुधा घड्याळ असतं. आणि युरोपात मनगटी घड्याळ रुळलं ते बायकांचा दागिना म्हणून.

नेपोलियनची बहीण कॅरोलिन म्युरा ही नेपल्सची राणी. तिनं १८१० मध्ये पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीकडून मनगटावर बांधायचं घड्याळ मागवलं. पुढे शतकभर अशी घड्याळं बांगडीसारखी घडवली गेली, हिऱ्यांनी मढवली गेली. वेळ दाखवणं हे त्यांचं दुय्यम काम! पुरुषाचं घड्याळ साखळीला अडकवून खिशात. आपल्याकडे गांधीजींच्या कमरेचं घड्याळ आठवा. मनगटावर बांधणं म्हणजे बायकीपणा.

हा समज मोडला युद्धानं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिश सैनिकांनी खिशातलं घड्याळ कातडी पट्ट्यात बसवून मनगटाला बांधलं. पहिल्या महायुद्धात तर त्यावाचून चालेना. तोफांचा मारा ठरल्या मिनिटाला पुढे सरकायचा आणि त्याच्यामागून पायदळानं निघायचं. मिनिट चुकलं तर आपल्याच गोळ्यांखाली मरण. हातात शस्त्र असताना खिसा चाचपत कोण बसणार? खंदकातल्या अंधारात दिसावेत म्हणून घड्याळातले आकडे रेडियमनं रंगवले जाऊ लागले.

ते रंगवणाऱ्या हातांविषयी थोडं सांगायला हवं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथं १९१७ पासून तरुण मुली हे काम करत. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. रंग निर्धोक आहे, असंही सांगितलं होतं. पुढे जबड्याची हाडं कुजून कितीतरी जणी गेल्या. पाच जणी कोर्टात गेल्या, तेव्हा १९२८ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली. घड्याळाच्या मर्दानी जाहिरातींत या मुली कुठंच नसतात.

लढाईवरून परतलेल्याच्या मनगटावर घड्याळ होतं. त्याला बायकी कोण म्हणणार? मग उलटंच झालं. नुसतं ‘घड्याळ’ म्हणजे पुरुषाचं, आणि बायकांसाठी निराळं, इवलंसं ‘लेडीज’ घड्याळ!

आपल्याकडे १९६१ मध्ये एचएमटीनं बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. लग्नात जावयाच्या हातात घड्याळ बांधणं हा तर मानाचाच भाग होऊन बसला. ते मिळालं नाही म्हणून भर मांडवात रुसून बसलेले नवरदेव माझ्या पिढीनं पाहिले आहेत.