कंडरेची दुखापत : स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि व्यायामाचा भार – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
२००४ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या डाव्या कोपराच्या दुखण्यामुळे 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. मे २००५ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूर येथे श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून ते संघात परतले. परंतु हे दुखणे केवळ खेळाडूंचे नाही. १८७३ मध्ये जर्मन वैद्य रुंगे यांनी त्याची नोंद केली ती लेखनश्रमाच्या संदर्भात. टेनिसशी त्याचा संबंध १८८२-८३ मध्ये इंग्लंडमध्ये जोडला गेला. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या दरम्यानच्या राहू परिसरातील उसाच्या फडात कोयता धरणारा हातही याच कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, विसंबून असतो.

इंजेक्शनचा उदय :
१९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले. १९५० मध्ये हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ मध्ये हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे कंडरेच्या दुखण्यावरही हाच उपाय रूढ झाला. दुखणे म्हणजे दाह, हे त्यामागील गृहीतक होते. १९७९ मध्ये नर्शल व पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींच्या तपासणीवरून वेगळे चित्र मांडले : दाहापेक्षा तंतूंची बिघडलेली घडण अधिक ठळक होती.

पुराव्याची उलटापालट :
१९९८ मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी टाचेच्या कंडरेसाठी १२ आठवड्यांचा जड भाराचा व्यायाम यशस्वी ठरल्याचे दाखविले. २००२ मध्ये नेदरलँड्समधील १८५ टेनिस एल्बो रुग्णांच्या अभ्यासात सहा आठवड्यांनंतर इंजेक्शनचे यश ९२ टक्के, तर भौतिकोपचाराचे ४७ टक्के होते. वर्षअखेरीस हेच प्रमाण अनुक्रमे ६९ व ९१ टक्के झाले. कोणताही विशेष उपचार न घेता वाट पाहणाऱ्यांतही ८३ टक्के सुधारले. २०१३ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात दुखणे उलटण्याचे प्रमाण स्टेरॉइड गटात ५४ टक्के, तर निष्क्रिय इंजेक्शनच्या गटात १२ टक्के आढळले.

समारोप :
उपरोक्त इतिहासावरून असे दिसते की, प्रश्न औषधाच्या परिणामाचा जितका आहे तितकाच मोजमापाच्या कालावधीचा आहे. सहा आठवड्यांचा हिशोब इंजेक्शनच्या बाजूने लागतो, वर्षाचा हिशोब विरुद्ध. टनावर मजुरी मिळणाऱ्या ऊसतोड कामगाराला सहा आठवडे म्हणजे गळीत हंगामाचा मोठा हिस्सा. त्यामुळे तो सुईकडे वळला तर ते अज्ञान नव्हे, ती गरज आहे. मात्र पुढल्या हंगामात तोच हात पुन्हा दुखू लागला, तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. म्हणून क्रमाक्रमाने वाढविलेला भार, पुरेसा अवधी आणि त्या काळातील रोजीची हमी यांचा विचार एकत्रितपणे होणे आवश्यक आहे.