पत: गिरणगाव ते कोन

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. बाजारात पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी आणि समाजात पत म्हणजे माणसाचा मान. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात हा योगायोग नसावा. ज्याला वाणी उधार देतो त्याला चाळीतही चार माणसे विचारतात. नोकरी गेलेल्या माणसाचे नेमके काय जाते, असा प्रश्न घेऊन आम्ही मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास पुन्हा वाचू लागलो, तेव्हा दरवेळी याच शब्दापाशी येऊन थांबलो. पगार गेला हे पहिल्याच महिन्यात कळते. पत गेली हे मात्र हळूहळू, एकेका दारातून रिकाम्या हाताने परतताना कळते.

या वाचनाला निमित्त झाले पनवेलजवळचे कोन हे गाव. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतच्या या गावात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील गृहयोजनेतील उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतील सुमारे २४०० घरांची सोडत म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी काढली. १६० चौरस फुटांचे दोन गाळे जोडून एक घर आणि त्याची किंमत ६ लाख रुपये. ज्या संपाने यांतील असंख्य कुटुंबांची रोजी कायमची गेली तो सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. म्हणजे मध्ये जवळजवळ ३५ वर्षे गेली. या वर्षांचा राजकीय इतिहास बराच लिहिला गेला आहे. दत्ता सामंतांचे नेतृत्व, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने दिलेले एकमेव प्रतिनिधित्व, सरकारचा ताठरपणा, पुढे जमिनींचा व्यवहार, हे सारे आपल्याला ठाऊक असते. परंतु या काळात घरात चूल कशावर पेटली, हा प्रश्न या इतिहासाच्या समासात राहिला.

गिरणी कामगार आणि उधारी यांचे नाते संपाहून फार जुने. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा ४७ टक्के कुटुंबे सावकाराच्या कर्जात असल्याचे आढळले आणि कर्जाचा बोजा साधारणपणे अडीच महिन्यांच्या कमाईइतका होता. रुपयामागे महिना एक आणा हा व्याजदर त्या काळी सर्रास ऐकू येई. वर्षाचा हिशेब केला तर तो ७५ टक्के होतो. म्हणजे कामावर असलेला माणूसही कर्जातच होता. फरक इतकाच की, पगाराचा दिवस ठरलेला असल्यामुळे हे कर्ज फिरते राहत असे. वाण्याची वही, खानावळवालीचा हिशेब, चाळीतली भिशी, गिरणीतली पतपेढी ही सगळी चाके त्या एका दिवसावर फिरत.

या व्यवस्थेचे एक टोक गावात होते. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या अनेक पुरुषांची बायकामुले गावीच असत. मुंबईत ते गावकीच्या खोलीत दाटीवाटीने राहत आणि खानावळीत जेवत. पगारातून गावी मनीऑर्डर जाई आणि गावाकडून तांदूळ, कुळीथ येई. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने चालला, तेव्हा कामगारांना तगवले ते या दोन गोष्टींनीच. बरेच जण गावी गेले आणि जे राहिले त्यांना वाण्याने उधार दिले. वाण्याचे ते औदार्य नव्हते. गिरणी आज ना उद्या सुरू होणार आणि गिऱ्हाईक जुनी बाकी फेडणार, हा त्याचा हिशेब होता. पतीचा पाया नेहमी उद्यावरच्या भरवशाचा असतो.

१९८२ मध्ये नेमका हा भरवसा मोडला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. सुरुवातीच्या महिन्यांत जुनी रीत चालली. वाण्याने वही चालू ठेवली, गावाहून धान्याच्या गोण्या आल्या. पण सहा महिने गेले, वर्ष गेले, आणि संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. ज्या संपाला शेवटचा दिवसच नाही त्याची बाकी कोणत्या दिवशी फेडायची? वही बंद झाल्यावर घरातली भांडी आणि दागिने मोडीत निघू लागले. बदली कामगारांची अवस्था तर आणखी बिकट, कारण त्यांच्या नावावर कायमची नोकरी आधीही नव्हती. ज्यांना पुढे गिरणीने परत घेतले नाही त्यांच्यापैकी अनेकांनी अखेर राजीनामा देऊन फंड आणि ग्रॅच्युइटी उचलली. ती रक्कम जुनी देणी भागवण्यातच सरली.

ज्यांना गाव होते ते गावी गेले. कोकणात उतरणारा रस्ता पनवेलच्या पुढे पळस्पे येथे मुंबई-पुणे रस्त्यापासून फुटतो. कोकण रेल्वे तेव्हा झालेली नव्हती. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे निघालेल्या एसटीच्या गाड्या पनवेल ओलांडूनच खाली उतरत. घाटावरची गाडीही याच बाजूने बोरघाटाकडे वळे. तोपर्यंत गणपतीला आणि शिमग्याला हातात पिशव्या घेऊन या रस्त्याने जाणारा चाकरमानी आता परतीच्या तारखेविना जात होता. गावाने त्याला जेवू घातले, पण ज्या घरी त्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहिली जाई तिथे तो स्वतःच खाणारे तोंड होऊन आला. त्याची मुंबईतली पत वाण्याच्या वहीत संपली, तर गावातली पत टपालाच्या पावतीबरोबर.

या इतिहासात बायका कुठे होत्या? अगदी मध्यभागी. एकट्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या स्वतः वाण्याकडून उधारीवर माल घेत आणि पगाराच्या दिवशी पैसे वसूल करत. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि एकमेकींच्या जामिनावर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. तारण ठेवायला सोने नाही, घर नाही, तेव्हा शेजारणीचा शब्द हेच तारण, ही कल्पना बँकेला नवी असली तरी चाळीला नवी नव्हती. भिशी त्याच तत्त्वावर चालत आली होती. संपाने मात्र त्यांच्या जेवणाऱ्यांचीच कमाई थांबली आणि आधी जेवण, मग पैसे या साखळीचे ओझे या बायकांवर पडले. अनेक घरांत नवरा रिकामा बसला आणि बायको धुणीभांडी, पापड-मसाले, फेरी यांवर घर चालवू लागली. पत कुटुंबाकडे परत आली ती बऱ्याचदा तिच्या नावाने. मात्र त्याचे मोल तिने दुप्पट श्रमांनी चुकवले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक या अंगाने वाचावे असे आम्हाला वाटते. १९९७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची चर्चा बहुधा गिरणगावाचा ऱ्हास आणि तरुणांचे गुन्हेगारीकडे वळणे या अंगांनी होते. परंतु चाळीतल्या एका खोलीत घडणारे हे नाटक मुळात पत गमावलेल्या घराचे नाटक आहे. तिथली माणसे एकमेकांशी सतत भांडतात, कारण घराबाहेर त्यांच्या शब्दाला किंमत उरलेली नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडच्या हकिगतींतून उभा केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो या नाटकाशेजारी ठेवून वाचला, तर इतिहासाचे साधन आणि साहित्यकृती एकमेकांना कशी पुरी पडतात ते दिसते.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. गिरणगावातील उधारीचे आणि शेजारधर्माचे गोडवे गाणे सोपे आहे. पण ती व्यवस्था सर्वांना सारखी दयाळू नव्हती. उधारीचा माल घेणाऱ्याला भाव आणि वजन यांबद्दल तक्रार करता येत नसे. गावकीच्या खोलीचे दार गाव आणि जात पाहून उघडे. ज्याच्यामागे गावाकडे जमिनीचा तुकडा नव्हता त्याला आधाराचे ते दुसरे टोक नव्हतेच. त्या पतीला मर्यादा होत्या. तरीही ती पत होती आणि तिच्या जागी दुसरे काही उभे राहिले नाही, ही खरी हानी.

पुढचा इतिहास जमिनीचा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी ठरवला. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले आणि गिरणगावात जागा आखडली. म्हणून सोडतीतली काही घरे पनवेलला गेली. तिथेही लगेच चावी मिळाली नाही. २०२० च्या साथीत कोनच्या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या, नंतर दुरुस्तीचा प्रश्न आला, ताबा लांबत गेला. मधल्या काळात कित्येक कामगार गेले आणि अर्जावर वारसांची नावे चढली.

या घरांना भरपाई म्हणावे का? घर मिळणे ही लहान गोष्ट नाही आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले त्यांचे श्रेय कुणी हिरावू नये. परंतु ६ लाख उभे करायला कर्ज लागते आणि कर्ज देणारा आधी पगाराचा दाखला मागतो. ज्याची नोकरी गेली म्हणून त्याला घर दिले, त्यालाच नोकरीचा पुरावा विचारायचा, ही या कथेतली कडू गाठ आहे. पळस्पे फाट्यापासून कोन फार दूर नाही. १९८२ मध्ये ज्या रस्त्याने एक पिढी रिकाम्या हाताने गेली त्याच रस्त्याच्या कडेला तिच्या वारसांना चावी मिळते आहे. त्या घराखालच्या दुकानात त्यांच्या नावाची वही उघडेल का, हे मात्र कोणत्याही सोडतीत ठरत नाही.