शिरिंजे: माती तीच, हात वेगळे

शिरिंजे हे तुर्कस्तानात इझमीरजवळच्या डोंगरातलं छोटं खेडं. १९२२ पर्यंत इथले ग्रीक ऑर्थोडॉक्स शेतकरी अंजीर पिकवायचे. माल इझमीर बंदरातून परदेशी जायचा. या अंजिराच्या परागीभवनासाठी रानटी अंजिरातली इवलीशी गांधीलमाशी लागते, म्हणून रानटी फळं बागेत टांगावी लागतात. कॅलिफोर्नियात १८९९ मध्ये ही माशी नेली, तेव्हा कुठे तिथे हे अंजीर धरू लागलं. म्हणजे पीक नुसत्या मातीवर येत नाही, माहितीवरही येतं.

युद्धानंतर ग्रीक गेले. १९२३ च्या लोझान करारानुसार ग्रीसमधले मुस्लिम आले, तेही तंबाखूच्या पट्ट्यातून. अदलाबदलीचा निकष धर्म होता, हातातलं कसब नव्हे.

म्हणून पिकांचे जुने आकडे वाचताना माती-पावसाबरोबर हेही विचारा: कसणारी माणसं तीच होती का?