‘हार्डवुड’ खरंच हार्ड असतं का? अमेरिकन घरांच्या लाकडी जमिनीची गोष्ट

वर्गवारीचं नाव म्हणजे मोजमाप नव्हे. ऐकायला साधं वाटणारं हे वाक्य संशोधनात किती महत्त्वाचं आहे, ते अमेरिकन घरांतल्या लाकडी जमिनीच्या इतिहासात फार छान दिसतं.

लाकडाच्या बाजारात दोन मोठे गट आहेत. ओक, मेपल, हिकरी ही हार्डवुड; पाईन, फर ही सॉफ्टवुड. साहजिकच वाटतं की पहिला गट कठीण आणि दुसरा मऊ. पण ही विभागणी वनस्पतिशास्त्रातली आहे. फुलणारी, रुंद पानांची झाडं म्हणजे हार्डवुड. शंकू धरणारी, बहुधा सुईसारख्या पानांची झाडं म्हणजे सॉफ्टवुड. त्यामुळे नखानेही खळगा पडणारं बाल्सा हे हार्डवुड ठरतं! आपला साग हार्डवुड, आणि देवदार सॉफ्टवुड.

आता इतिहासाकडे येऊ. न्यू इंग्लंडमध्ये वसाहतकाळी घरात जमीन घालायची तर जवळच्या जंगलात ईस्टर्न व्हाइट पाईन होता. उंच, सरळ, कापायला आणि रंधायला सोपा. त्याच्या रुंद फळ्या थेट खिळ्यांनी ठोकत. लाकूड मऊ, म्हणून खुर्चीच्या पायांचे व्रण पडायचे. पुढे अशा जमिनी अनेकदा रंगवल्या जात किंवा त्यांवर गालिचे अंथरले जात. दक्षिणेत गोष्ट वेगळी. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे 9 कोटी एकरांवर लाँगलीफ पाईन पसरलेला होता. हळूहळू वाढणारा, राळेने भरलेला, दाट वलयांचा. त्याच्या गाभ्याच्या लाकडाला ‘हार्ट पाईन’ म्हणतात. त्याच्या जमिनी शंभर वर्षांनंतरही वापरात दिसतात. म्हणजे जुन्या कागदपत्रात नुसतं ‘पाईनची जमीन’ असं वाचलं, तर ‘कुठला पाईन?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

ओक पूर्वीही मुबलक होता, पण तो कापणं, वाळवणं, रंधणं जिकिरीचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्रांनी हे चित्र बदललं. भट्टीत वाळवलेल्या अरुंद पट्ट्यांना एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच कारखान्यातच पाडता येऊ लागली. पट्ट्या एकमेकींत बसतात, खिळा आत लपतो. मग अनेक घरांत एक उतरंड दिसू लागली : पाहुणे येतात त्या दिवाणखान्यात ओक, वरच्या झोपायच्या खोल्यांत पाईन. एकाच घरातल्या दोन जमिनी मालकाचा खर्चाचा हिशेब सांगतात.

कठीणपणाला आकडा मिळाला तो त्यानंतर. ऑस्ट्रियातले संशोधक गॅब्रिएल यांका यांनी 1906 मध्ये एक चाचणी मांडली. 11.28 मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात निम्मा रुतवायला किती बल लागतं, ते मोजायचं. हाच व्यास का? कारण निम्मा रुतला की त्याच्या ठशाचं क्षेत्रफळ बरोबर 1 चौरस सेंटिमीटर होतं. पुढे 1910 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे सुरू झालेल्या सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने अमेरिकन लाकडांच्या पद्धतशीर चाचण्या केल्या.

आकडे बघा, पाउंड-बलात : व्हाइट पाईन 380, लाँगलीफ पाईन 870, रेड ओक 1290, व्हाइट ओक 1360, हार्ड मेपल 1450. आणि यलो-पॉप्लर? 540. म्हणजे यलो-पॉप्लर हे ‘हार्डवुड’ लाँगलीफ या ‘सॉफ्टवुड’पेक्षा बरंच मऊ. आणि दोन पाईनमध्येच दुपटीहून जास्त फरक!

पण आकडा मिळाला म्हणून प्रश्न संपत नाही. यांका चाचणी सांगते की खळगा किती सहज पडेल. जमीन किती झिजेल, पावसाळी हवेत किती फुगेल, हे ती थेट सांगत नाही. लाँगलीफच्या एकाच वलयात वसंतातला थर मऊ आणि नंतरचा कठीण असतो, म्हणून मऊ थर आधी झिजतो. यावर उपाय म्हणून वलयं उभी दिसतील अशा कापाच्या फळ्या जमिनीसाठी जास्त पसंत केल्या जात. लाकडाची जात तीच, पण फळी कशी कापली यावर तिचा स्वभाव बदलतो. शिवाय तक्त्यातला आकडा ही निर्दोष, छोट्या नमुन्यांची सरासरी असते. दीडशे-दोनशे वर्षं सावकाश वाढलेल्या झाडाच्या फळीला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

असं जुनं लाकूड आता नव्याने मिळणंही अवघड आहे. यादवी युद्धानंतर रेल्वे आणि सॉ-मिल दक्षिणेत शिरल्या आणि 1930 च्या सुमारास लाँगलीफची जुनी जंगलं बहुतांश संपली. आज हार्ट पाईनचा मोठा पुरवठा पाडलेल्या गिरण्या आणि गोदामांच्या तुळयांतून होतो. ‘सॉफ्टवुडच तर आहे’ म्हणून कुणी अशी जमीन उखडून फेकली, तर ती परत आणता येत नाही.

तुमच्या विषयातही अशी नावं असतील. प्रबंधाचा आराखडा लिहिताना प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहून ठेवा : ही विभागणी कुणी, कशासाठी केली? मला हवा तो गुण ती मोजते का? आणि माझा नमुना तक्त्यातल्या नमुन्यासारखा आहे का?